रोज चालतो, तरी पाय बारीक का होत चाललेत?

प्रश्न : मी वाईला राहतो. वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. उंची पाच फूट सहा इंच, वजन ६२ किलो, गेली पंधरा वर्षं तेवढंच. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, साखर काठावर. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मेणवलीपर्यंत चालत जाऊन येतो, सहसा खंड पडू देत नाही. तरीही मांड्या आणि पोटऱ्या बारीक होत चालल्यात. पोट मात्र आहे तिथेच. गेल्या श्रावणात टायफॉइडने दोन आठवडे अंथरुणाला खिळलो होतो, त्यानंतर हे जास्तच जाणवतंय. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. एसटीत चढताना दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. खाणं साधं आणि शाकाहारी : सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भाकरी, भाजी, आमटी, रात्री दूधभात. हिचं म्हणणं, वय झालं, आता खुर्चीत बसत जा. मुलगा म्हणतो, चालणं वाढवा. जावयांनी प्रोटीन पावडरचा डबा आणून ठेवलाय. हा वयाचाच भाग की काही आजार? गेलेला स्नायू परत येतो का? आणि डबा फोडू की नको?
— एक निवृत्त गुरुजी

उत्तर : नमस्कार गुरुजी,

तुमची उंची आणि वजन बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याच्या, हिशेबात घातलं की २२ येतं. कुठल्याही तक्त्यात हा आकडा उत्तम. त्यामुळे दर वेळी डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, वजन बघितलं, ‘छान आहे’ म्हटलं आणि तुम्ही घरी आलात. पायांकडे कुणी बघितलंच नाही. पण वजन पंधरा वर्षं तेच आणि पाय मात्र बारीक, याचा अर्थ सरळ आहे : तेवढा स्नायू गेला आणि तेवढीच चरबी आली. वजनकाट्याला त्यातलं काही कळत नाही.

बीएमआय किती फसवा असतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. बीएमआय दोघांचा २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ असतो आणि आत स्नायू कमी, चरबी जास्त, असा आपला घाट असतो. म्हणजे म्हातारपणाच्या वाटेला लागतानाच आपल्या गाठीला स्नायू थोडा असतो. त्यातून वय जे काढून घेतं ते आपल्याला लवकर जाणवतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : बहुतांशी हा वयाचाच भाग आहे, त्यात टायफॉइडची भर पडली आहे. आजाराची शक्यता थोडी आहे, ती शेवटी सांगते. पण ‘वयाचा भाग’ म्हटलं की घरातली माणसं ‘मग काही इलाज नाही’ असं ऐकतात. तसं नाही. इलाज आहे, फक्त तो चालणं नाही. चिरंजीवांना सांगा, चालणं आहे तेवढं राहू द्या, वाढवायची गरज नाही. का ते कळायला मांडीच्या आत काय चाललंय ते बघावं लागेल.

स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंचा जुडगा. माणूस म्हातारा झाला की हे तंतू नुसते बारीक होतात की मुळात संख्येनेच घटतात, यावर बराच काळ वाद होता. जिवंत माणसाच्या मांडीतून सुईने काढलेल्या चिमूटभर तुकड्यावरून ते सांगता येत नाही. स्वीडनमधल्या यान लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांच्या मृतदेहांतून मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू अख्खा काढून, आडवे काप घेऊन मोजणी केली. हे सगळे मरण्याआधी धडधाकट होते, वय १५ ते ८३. १९८८ साली निष्कर्ष छापून आला : पंचविशीच्या आसपास स्नायू हळूहळू घटायला लागतो, पुढे वेग वाढतो, आणि ऐंशीपर्यंत सुमारे ४० टक्के भाग गेलेला असतो. मुख्य कारण, तंतूंची संख्याच कमी होते. उरलेले बारीकही होतात, पण त्यातही बारीक होतात ते मुख्यतः एकाच जातीचे.

त्या जाती दोन. संथ तंतू आणि वेगवान तंतू. संथ तंतू दमत नाहीत, तासन्‌तास काम करतात, पण जोर बेताचा. वेगवान तंतू लवकर दमतात, पण झटक्यात मोठा जोर लावतात. तुम्ही मेणवलीपर्यंत चालत जाता ते संथ तंतूंवर. एसटीच्या उंच पायरीवर एका पायाने सगळं शरीर उचलता, किंवा ठेच लागून तोल गेल्यावर पडायच्या आत दुसरा पाय पुढे टाकता, ते वेगवान तंतूंवर. म्हातारपण आधी हात घालतं ते या दुसऱ्या जातीला. म्हणून पाच किलोमीटर आरामात चालणारा माणूस सोफ्यातून उठताना ‘अरे देवा’ म्हणतो. त्यात काही विसंगती नाही. ती दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची माणसंही वेगळी आहेत.

तंतू जातात ते का? याचं मूळ पायात नाही, पाठीत आहे. मज्जारज्जूच्या खालच्या भागात काही चेतापेशी असतात. त्यातली एकेक पेशी पायातल्या शेकडो तंतूंना हुकूम देते. साठीनंतर या पेशी कमी व्हायला लागतात. तुम्ही शाळेत आयुष्य काढलंत म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. समजा एक शिक्षक निवृत्त झाला, जागा भरली गेली नाही, वर्गातली पोरं मोकळी राहिली. काही पोरांना शेजारच्या वर्गात नेऊन बसवलं, काही शाळाच सोडून गेली. शेजारच्या गुरुजींकडे आता दीडपट पट झाला. शाळा चालते, पण एकेका पोराकडे लक्ष देणं गेलं. पायात हेच होतं. वेगवान तंतूंची चेतापेशी मेली की शेजारची, बहुधा संथ जातीची, चेतापेशी आपले फाटे वाढवून त्यातले काही तंतू पदरात घेते. ते तंतू जगतात, पण नव्या मालकिणीच्या चालीने वागायला लागतात, म्हणजे तेही संथ होतात. ज्यांना कुणीच घेत नाही ते सुकून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली तरुण माणसाच्या स्नायूत दोन्ही जाती मिसळून दिसतात. म्हाताऱ्या स्नायूत एका जातीचे घोळके एकत्र दिसतात. कुणाच्या जागा रिकाम्या पडल्या आणि कुणी भरल्या याचा तो नकाशाच असतो.

एकेका चेतापेशीकडे तंतू जास्त झाल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. जोर बारीक मापात कमीजास्त करता येत नाही. खुर्चीत अलगद बसण्याऐवजी शेवटची चार बोटं धप्पकन बसणं, ही खूण तुम्हाला ओळखीची असेल.

आता पोटरीकडे येऊ. पोटरीतले तंतू वरून खाली सरळ नसतात. ते तिरके बसवलेले असतात, पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्हीकडून केसर चिकटावे तसे. तिरकेपणाचा फायदा असा की थोड्या जागेत जास्त तंतू मावतात आणि जोर वाढतो. मार्को नारिची आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तरुण आणि सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांच्या पोटऱ्या सीटी स्कॅन आणि सोनोग्राफीने मोजल्या. त्यांनी उंची, वजन आणि रोजची हालचाल सारखी असणारी माणसं निवडली होती, हे महत्त्वाचं. तरीही वृद्धांच्या पोटरीचं आकारमान सुमारे चतुर्थांशाने कमी भरलं. शिवाय तंतूंचे जुडगे सुमारे दहा टक्के आखूड झालेले आणि त्यांचा तिरकेपणाही कमी झालेला. आखूड होणं म्हणजे आकसणारे सूक्ष्म भाग एकापुढे एक जोडलेले असतात, त्यातलेच काही नाहीसे होणं. असे भाग जितके कमी, तितका स्नायूचा आकसण्याचा वेग कमी. तिरकेपणा जाणं ही जाडी घटल्याचीच दुसरी बाजू. पोटरी टेपने मोजली तर फक्त घेर कळतो, आतली ही मोडतोड कळत नाही. टाचेच्या वरची जाड शीरही (इंग्रजीत अकिलीस टेंडन) वयानुसार सैल होते. त्यामुळे पोटरीने लावलेला जोर टाचेपर्यंत पोचायला क्षणभर जास्त लागतो. ठेच लागलेली असते तेव्हा तो क्षणच हवा असतो.

यात चरबी मिसळते. कातडीखालची नव्हे, स्नायूच्या आत, तंतूंच्या मधल्या फटींत. एमआरआयमध्ये तरुण मांडी एकसारखी काळी दिसते, म्हाताऱ्या मांडीत पांढऱ्या रेघा आणि ठिपके. साखर काठावर असणाऱ्या माणसाला याची जास्त काळजी असावी, कारण जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त शोषून घेणारी जागा स्नायू हीच आहे. स्नायू कमी आणि त्यात चरबी भरलेली, तर साखर जाणार कुठे?

एवढं सगळं एकत्र आलं की ताकद ही आकारापेक्षा फार वेगाने जाते. अमेरिकेत सत्तरीतल्या हजारो लोकांवर झालेल्या मोठ्या पाहणीत मांडीची ताकद वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी घटली आणि स्नायू मात्र एका टक्क्याच्या आसपास. ज्यांचं वजन टिकलं किंवा वाढलं त्यांचीही ताकद गेलीच. म्हणून पाय किती बारीक झाले यापेक्षा त्यांच्याने काय होत नाही, हे विचारावं. तुम्ही पत्रात दोन्ही लिहिलंत, बरं केलंत.

या सगळ्याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. नाव १९८८ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. जुना अनुभव, नवं नाव. नाव मिळाल्यावर निदान तक्रार तरी ऐकून घेतली जाते.

तुमच्या टायफॉइडबद्दल. २००७ मध्ये अमेरिकेत साठीच्या पुढच्या निरोगी लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं. ताप नाही, औषध नाही, खाणं व्यवस्थित. दहा दिवसांत दोन्ही पायांतून मिळून जवळपास एक किलो स्नायू गेला. तुम्ही दोन आठवडे पडून होतात, वर ताप, वर पेज आणि ताक. तरुण पोरगा असता तर महिन्याभरात भरून निघालं असतं. साठीनंतर ते आपोआप भरून निघत नाही, भरून काढावं लागतं. पुढे कधी आजारपण आलं तर एवढं लक्षात ठेवा : अगदी उभं राहवत नसेल तरी अंथरुणात पाय दुमडणं-ताठ करणं, टाचा दाबणं, काठावर बसून उठून उभं राहणं, हे दिवसातून चार-पाच वेळा चालू ठेवायचं. ‘विश्रांती घ्या’ याचा अर्थ आपल्याकडे ‘हलू नका’ असा घेतला जातो. तो अर्थ म्हाताऱ्या पायांना परवडत नाही.

आणि तुमच्या सौभाग्यवतींचा सल्ला. त्यांची काळजी कळते, पण खुर्ची हा उपाय नाही. आपण काय करतो? जमिनीवरून उठता येईना की पाट सोडतो. खुर्ची बुटकी वाटायला लागली की वर उशी ठेवतो. कमोडला धरायला दांडा लावून घेतो, कठडा धरून चढतो. सोय होते, पण उरल्यासुरल्या वेगवान तंतूंना दिवसभरात जे दोन-चार वेळा काम मिळायचं तेही जातं.

चालण्याने का भागत नाही, तेही याच हिशेबात बसतं. एलवूड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की स्नायूला काम सांगताना शरीर आधी लहान चेतापेशींना उठवतं, म्हणजे संथ तंतूंना. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबतं. मोठ्या चेतापेशी आणि त्यांचे वेगवान तंतू जागे होतात ते काम जड असेल तेव्हाच, किंवा झटक्याचं असेल तेव्हा. सपाट रस्त्यावर मेणवलीपर्यंत रोज गेलात, नव्हे, पसरणी घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलात, तरी त्यांना हाक जातच नाही. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं फार चांगलं, ते सोडू नका. मांडी मात्र त्याने भरत नाही.

गेलेला स्नायू परत येतो का, तर खरं सांगते : जे तंतू पूर्ण गेले ते परत येत नाहीत. उरलेले जाड होतात, चेतातंतू त्यांना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात, जुडग्यांची लांबी आणि तिरकेपणाही वाढतो, टाचेवरची शीर घट्ट होते. आणि व्यवहारात एवढं पुरतं. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना घेतलं. काठी टेकणारे, एकदोनदा पडलेले लोक. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीच्या पुढच्या स्नायूला चांगलं जड वजन उचलायला लावलं. १९९० साली निकाल छापला : ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू नऊ टक्क्यांनी भरला, दोघांची काठी सुटली. तेव्हा नव्वदीच्या माणसाला वजन उचलायला देणं हा वेडेपणा समजत. तुम्ही तर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. व्यायाम बंद केल्यावर मात्र चारच आठवड्यांत त्यांच्या ताकदीचा बराच भाग उतरला, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय.

तर करायचं काय? आधी मोजा. हात नसलेली साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी. पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, जमेल तितक्या भराभर, आणि नातवाला घड्याळ धरून बसवा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई देशांसाठी ठरलेल्या निकषानुसार पाय कमजोर. पोटरीचा सगळ्यात जाड भाग शिंप्याच्या टेपने मोजा, पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल तर काळजीचं. दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा. हे तुम्हाला सांगायला नको.

मुख्य व्यायाम हीच परीक्षा. खुर्चीतून उठणं-बसणं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, मधे दोन मिनिटं विश्रांती, एक दिवसाआड. हात लावल्याशिवाय उठताच येत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून सुरुवात करा आणि दर आठवड्याला उशी पातळ करत जा. उठताना झपकन उठा, बसताना चार आकडे मोजत सावकाश. झपकन उठण्याने वेगवान तंतू जागे होतात, सावकाश बसण्याने धप्पकन आपटणं थांबतं. (वर्गात पोरांना ज्या उठाबशा काढायला लावल्या असतील त्या आता स्वतः काढायच्या. कान धरायची गरज नाही.) तिसऱ्या फेरीतल्या शेवटच्या दोनतीन उठाबशा जड गेल्या पाहिजेत. सहज जात असतील तर तुम्ही वेळ घालवताय. मग छातीशी दोन किलो ज्वारीची पिशवी धरा. ती हलकी वाटू लागली की तीन किलोची. वजन वाढवत नेणं हाच यातला गाभा आहे, आणि घरी व्यायाम करणारी निम्मी माणसं इथेच चुकतात. सहा महिने तेच वीस वेळा हात-पाय हलवणं चालू असतं.

दुसरा व्यायाम पोटरीचा. ओट्याला हात लावून टाचा उचलायच्या, वर क्षणभर थांबायचं, सावकाश खाली. दोन्ही पायांवर पंधरा सहज जमले की एका पायावर.

तिसरा पायरीचा. मेणवलीला जाताच आहात, तर नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट आहेच. कठड्याच्या किंवा भिंतीच्या बाजूने, एक पाय वरच्या पायरीवर, त्याच पायाच्या जोरावर वर, सावकाश खाली. खालच्या पायाने उसळी मारायची नाही, तिथेच सगळे फसवतात. प्रत्येक पायावर आठ ते दहा. पावसाळ्यात मात्र घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा घरचा उंबरा किंवा जिना बरा.

श्वास रोखून जोर लावू नका, तुम्हाला रक्तदाब आहे. उठताना तोंडाने श्वास सोडायचा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, जिना उतरताना ओढ बसली, तर ठीक, दोन दिवसांत जाईल. गुडघ्याच्या सांध्यात टोचलं किंवा सूज आली तर कमी खाली बसा, खुर्ची उंच घ्या, पण सोडून देऊ नका. दुखऱ्या गुडघ्याला भक्कम मांडीइतका आधार दुसरा नसतो.

पहिले तीन-चार आठवडे ताकद वाढेल पण पाय दिसायला तसेच राहतील, कारण तेव्हा सुधारतो तो चेतातंतूंचा कारभार. टेपवर फरक दिसायला तीन महिने धरा.

आता ताट. राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. वृद्धांसाठी जगभरचे तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅमच्या दरम्यान सांगतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला ६२ ते ७५ ग्रॅम. तुमच्या ताटाचा हिशेब मी धरला : दोन भाकऱ्यांचे दहा-बारा, पातळ आमटीचे तीन-चार, भाजीचे दोन-तीन, दूधभाताचे आठ-दहा, बिस्किटांचे जवळपास काहीच नाहीत. पंचवीसच्या आगेमागे होतात. निम्म्याहूनही कमी. सकाळच्या चहा-बिस्किटाच्या जागी मुगाचं किंवा बेसनाचं धिरडं आणि वाटीभर दही घ्या. दुपारी पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, नाहीतर पिठलं. चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, त्यात सहा-सात ग्रॅम मिळतात. रात्रीच्या दूधभातात पनीर घालून चालणार नाही हे मला कळतं, पण आठवड्यातून तीनदा तरी रात्री सोयाबीनच्या वड्यांची भाजी करायला सांगा. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि पावडरच्या डब्यापुढे त्या अगदीच स्वस्त.

त्याच फियातारोन यांनी १९९४ मध्ये शंभर जणांवर पुढचा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पेयाने पायांच्या ताकदीत फरक पडला नाही. ज्यांनी वजन उचललं त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. डबा नुसता पिऊन पाय भरत नाहीत, हे जावयांना हळूच सांगायला हरकत नाही.

आजाराचं राहिलं. दोन्ही पाय सारखेच आणि वर्षानुवर्षं हळूहळू बारीक होत असतील तर ते वय. पण एकच पाय बारीक होतोय, किंवा पाऊल उचलताना चप्पल निसटते, पायाचा पुढचा भाग लोंबतो, स्नायू आपोआप फडफडतात, तळव्यांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे, कंबरेतून पायात कळ जाते, तर मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबल्यावर बरं वाटतं, तर रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली, तर त्याच दिवशी दवाखाना. प्रयत्न न करता वजन उतरायला लागलं तर तेही लगेच दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा अचानक सुटला तर एक तासही थांबू नका.

यातलं काही नसलं तरी एकदा रक्त तपासून घ्या : तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते यावरून कळतं). शाकाहारी माणसांत बी-१२ बऱ्याचदा कमी सापडतं आणि त्याने पायांच्या नसा अशक्त होतात. हे इंजेक्शनने किंवा गोळीने भरून निघतं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर वर लिहिलेला प्रथिनांचा हिशेब बाजूला ठेवा, तुमच्या डॉक्टरांशी बोलून तुमचा वेगळा आकडा ठरवा, आणि डबा बंदच राहू द्या. ठीक निघालं तर डबा फोडायला हरकत नाही. मागे छापलेली साखर बघा, एका मापात किती ग्रॅम प्रथिनं आहेत ते बघा, मुदत बघा. ज्या दिवशी ताटात उसळ नसेल त्या दिवशी एक माप दुधात घालून घ्या. रोज नको.